यादीतला शेवटचा नंबर

नकाशावर मुंबई आणि नागपूर यांच्यावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती बुलडाणा जिल्ह्यातून, चिखलीच्या थोडी दक्षिणेकडून जाते. चिखली-खामगाव रस्त्यावरचं बल्लाळदेवीचं अमडापूर या रेघेपासून फार लांब नाही. पण विमानाशी या गावाचा संबंध मान वर करून बघण्यापुरताच. जिल्ह्यात नियमित प्रवासी विमान उतरेल असं एकही ठिकाण नाही. रेल्वेसुद्धा मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी उत्तरेच्या कडेने निघून जाते, आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी करण्यात कित्येक पिढ्या गेल्या. विमान पकडायचं तर संभाजीनगर गाठायचं, नाहीतर जळगाव. आणि आता अमरावती.

या 'आता अमरावती'च्या मागे पाऊणशे वर्षांची एक गोष्ट आहे. ती प्रवाशांची कमी आणि वैमानिकांची जास्त आहे. छोट्या कंपनीचं छोटं विमान चालवणारा वैमानिक मोठ्या कंपनीत कसा जातो, कधी जाता जाता अडकतो, आणि कधी कंपनीच त्याच्या पायाखालून सरकते, याची ही गोष्ट आहे. तिचा एक महत्त्वाचा अंक विदर्भात घडला, तोही मध्यरात्री.

१९४९च्या जानेवारीत देशात रात्रीची विमानटपाल सुरू झाली. तेव्हाचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांची ती कल्पना. योजना इतकी सोपी की शाळकरी पोरालाही समजावी. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि चारही नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर, मध्यरात्रीनंतर एकत्र यायची. तिथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानात दिल्ली, कलकत्ता, मद्रासची पत्रं चढायची, दिल्लीच्या विमानात उरलेल्या तिघांची, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या घरी परत. नागपूर देशाच्या मध्यावर आहे ही गोष्ट झिरो माइलच्या खांबापुरती न राहता कुणाच्या तरी खरोखर उपयोगी पडली ती अशी. त्याच वर्षी एप्रिलपासून देशांतर्गत पत्रं जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली.

ही विमानं होती डाकोटा, म्हणजे डग्लस डीसी-३. महायुद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेली डाकोटा स्वस्तात मिळत होती. जमिनीवर उभं असताना या विमानाची शेपटी खाली टेकलेली आणि नाक आभाळाकडे असतं. माणूस मागच्या दाराने आत शिरला की कॉकपिटपर्यंत अक्षरशः चढण चढत जावं लागे. केबिनमधल्या हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, त्यामुळे ढगांच्या वरून निघून जाण्याचा मार्गही नव्हता. पावसाळ्यात सातपुड्यावर किंवा पूर्व घाटावर ढग दाटले, की त्यांच्यातूनच वाट काढायची. आजच्या वैमानिकाला रडारवर हवामान रंगीत दिसतं. त्या काळी ते काचेवर आपटल्यावर कळायचं.

ही सेवा आधी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सकडे होती. वर्ष संपायच्या आत ती हिमालयन एव्हिएशनकडे गेली. विमान तेच, रात्र तीच, नागपूरचा थांबाही तोच, कंपनी मात्र दुसरी. पुढे हे इतक्यांदा घडणार होतं की वैमानिकांच्या पेशाचा तो नियमच म्हणावा. ही नोकरी जोखमीची होती हे वेगळं सांगायला नको. डिसेंबर १९५३मध्ये नागपूरहून उडालेलं टपालाचं डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानातल्या १४ जणांपैकी १३ गेले. वाचला तो वैमानिक.

तरीही रात्रीच्या टपालाला वैमानिक मिळत होते. याचं कारण वैमानिकाच्या लॉगबुकात आहे. ही आडवी, जाड पुठ्ठ्याची वही. तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, आणि मग तासांचे रकाने: दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे, स्वतः कॅप्टन म्हणून केलेले वेगळे, शेजारच्या खुर्चीत बसून केलेले वेगळे. शेतकऱ्याचा जसा सातबारा, तसं वैमानिकाचं लॉगबुक. नोकरी मागायला गेलं की आधी हीच वही उघडली जाते. रात्रीचे तास कमवायचे तर नागपूरच्या टपालासारखी शाळा नव्हती.

स्वातंत्र्याच्या आगेमागे विमान कंपन्यांचं पेवच फुटलं होतं. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपाल आणून सुरुवात केली, तेव्हा विमान चालवणारे होते स्वतः जे. आर. डी. आणि पुढे मद्रासपर्यंत टपाल नेणारे नेव्हिल व्हिन्सेंट. १९४६ नंतर मात्र ज्याच्याकडे भांडवल आणि दोनचार डाकोटा, त्याने परवाना काढावा अशी स्थिती झाली. निजामाच्या राज्यात डेक्कन एअरवेज, कलकत्त्याला एअरवेज इंडिया आणि भारत एअरवेज, बिजू पटनाईकांची कलिंग. बहुतेक सगळ्या तोट्यात. १९५०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या समितीने या धंद्याची चौकशी केली आणि रोगाचं नाव स्पष्ट सांगितलं: प्रवासी मोजके, कंपन्या गरजेपेक्षा फार.

याच काळातली प्रेम माथुर यांची कहाणी कुणी सिनेमात घातली तर अतिशयोक्ती वाटेल. अलाहाबाद फ्लाइंग क्लबमध्ये शिकून १९४७मध्ये त्यांनी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. नोकरीसाठी अर्ज केले. आठ कंपन्यांनी नकार दिला. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी चढतील का, ही सगळ्यांची शंका. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतलं. १९४९ची राष्ट्रीय हवाई शर्यत त्यांनी जिंकली. कॅप्टन होण्यासाठी लागणारे तासही पूर्ण केले. पण कंपनीने कमांड काही दिली नाही. त्या डेक्कन सोडून दिल्लीला गेल्या, काही काळ घनश्यामदास बिर्लांचं खासगी विमान चालवलं, आणि १९५३मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये दाखल झाल्या. उरलेली नोकरी तिथेच केली. शर्यत जिंकून दाखवली, तास भरून दाखवले, तरी सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीवरून कॅप्टनच्या डाव्या खुर्चीवर बसायला कुणाची तरी मर्जी लागते, हे त्यांच्या वाट्याला आलं. बाईपणाचा जाच त्यांच्या एकटीचा. मर्जीचा जाच पुढे अनेक पुरुषांनीही भोगला.

१ ऑगस्ट १९५३ला सरकारने देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन उभी केली. ९९ विमानं आली, त्यांतली ७४ डाकोटा. विमानं एकत्र करणं सोपं असतं. रंग बदलला की झालं. माणसांचं तसं नसतं.

विमान कंपनीत वैमानिकाचं सगळं आयुष्य एका यादीवर टांगलेलं असतं. ती ज्येष्ठतेची यादी. कोणत्या विमानाचं प्रशिक्षण आधी मिळणार, कॅप्टनचा चौथा पट्टा खांद्यावर कधी चढणार, दिवाळीत सुटी कुणाला, मुंबईत राहायचं की गुवाहाटीला जायचं, हे सगळं त्या यादीतला नंबर ठरवतो. आणि नंबर ठरतो तो बहुतेक वेळा कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवरून. समजा, एकजण छोट्या कंपनीत दहा वर्षं राबला, चार हजार तास केले, आणि मग मोठ्या कंपनीत गेला. तिथे काल परवाना मिळालेला, पण त्याच्याआधी आठवडाभर रुजू झालेला पोरगा त्याच्या वरती. आपल्याकडे मोठ्या घरात नव्याने आलेल्या सुनेला माहेरी किती मान होता हे कुणी विचारत नाही, त्यातलाच हा प्रकार. कंपन्यांचं विलीनीकरण म्हणजे अशा आठ घरांच्या सुना एका स्वयंपाकघरात.

पुढची चाळीस वर्षं देशात नियमित प्रवासी वाहतूक मुख्यतः सरकारच्या दोन कंपन्यांकडे राहिली. परदेशी जाणारी एअर इंडिया, जिने ८ जून १९४८ला मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन विमान लंडनला पाठवलं होतं, आणि देशात फिरणारी इंडियन एअरलाइन्स. वैमानिकांच्या संघटनाही वेगळ्या: तिकडे गिल्ड, इकडे असोसिएशन. छोट्यातून मोठ्यात जाण्याची शिडी आता बरीचशी इंडियन एअरलाइन्सच्या घरातच उभी होती. आधी डाकोटा, मग फोकर किंवा अॅव्रो, मग कॅराव्हेल, पुढे बोइंग ७३७, शेवटी एअरबस. पायऱ्या निश्चित होत्या, फक्त चढायला वेळ लागायचा. आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवणंच अवघड. नागपूर फ्लाइंग क्लब १९४७पासून पोरं तयार करत होता, मुंबईचा त्याच्याही आधीपासून. परवाना हातात आणि नोकरी नाही, अशी तरुणांची रांग त्या काळीही होती.

दुर्बा बॅनर्जी त्या रांगेत बाहेरून आल्या. १९५९मध्ये एअर सर्व्हे इंडिया या कंपनीत त्यांनी डाकोटा चालवायला घेतलं. प्रवासी विमानांवर जायचं म्हणून त्या मंत्री हुमायून कबीर यांना भेटल्या, तेव्हा कबीरांनी त्यांना हवाई सुंदरीची नोकरी देऊ केली, असं सांगितलं जातं. त्यांनी ती नाकारली आणि १९६६मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक म्हणूनच गेल्या.

मराठी वाचकांना सौदामिनी देशमुख हे नाव आठवत असेल. नोव्हेंबर १९८५मध्ये कलकत्ता-सिलचर या उड्डाणावर सगळा कर्मचारीवर्ग महिलांचा होता. विमान फोकर फ्रेंडशिप, कॅप्टन सौदामिनी देशमुख, सोबत निवेदिता भसीन. या घटनेचं कौतुक 'पहिली महिला' या खात्यात झालं आणि ते योग्यच. पण विमान कोणतं होतं, हेही बघायला हवं. कलकत्त्याहून सिलचरला जाणारं पंख्याचं विमान म्हणजे शिडीची खालची पायरी. कमांड तिथेच आधी मिळते. सप्टेंबर १९८९मध्ये पूर्णपणे महिलांनी चालवलेलं पहिलं बोइंग ७३७ मुंबईहून उडालं, तेव्हा ती वरच्या पायरीवर पोचल्याची खूण होती.

१९८१च्या जानेवारीत सरकारने वायुदूत काढली. ईशान्येकडच्या आणि देशभरच्या लहान गावांसाठी डॉर्नियर आणि अॅव्रो विमानं. म्हणजे आधी आठ कंपन्यांची एक केली आणि मग तिच्याच शेजारी पुन्हा एक छोटी उभी केली. तिची पालक इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया. तोटा वाढत गेला, १९९३मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचं ठरलं आणि १९९७पर्यंत तिचा कारभार आटोपला.

यादीचा हा खेळ किती विकोपाला जाऊ शकतो ते २००७ नंतर दिसलं. त्या वर्षी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. नव्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण कोणत्या घरच्या वैमानिकांना, यावरून ठिणगी पडली. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीने जानेवारी २०१२मध्ये मनुष्यबळाच्या एकत्रीकरणावर अहवाल दिला. मे महिन्यात गिल्डच्या वैमानिकांनी संप केला, तो ५८ दिवस चालला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, लाखाच्या पगारात खेळणारी ही माणसं खुर्चीवरून भांडतात. खुर्चीवरूनच भांडत होती. कारण पुढच्या वीस वर्षांचा पगार आणि मान त्या खुर्चीत होता.

खासगी कंपन्यांना दार उघडलं ते १९९०च्या दशकात. १९९२मध्ये ईस्ट-वेस्ट, १९९३मध्ये जेट, दमानिया, मोदीलुफ्त. या सगळ्यांना तयार कॅप्टन हवे होते आणि ते होते फक्त सरकारी कंपनीत. चार दशकांत पहिल्यांदाच वैमानिकाला कुणी 'या' म्हणत होतं. दमानिया, मोदीलुफ्त आणि ईस्ट-वेस्ट दशक संपायच्या आत संपल्या. त्यांच्याकडे गेलेल्यांना पुन्हा दुसऱ्या दाराशी उभं राहावं लागलं.

२००३मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली. फ्रेंच-इटालियन बनावटीची एटीआर विमानं, दोन पंख्यांची, लहान धावपट्टीवर उतरणारी. याही विमानात प्रवासी मागच्याच दाराने चढतो, डाकोटासारखा. फक्त आतली चढण गेली. मग सगळ्याच कंपन्या वाढू लागल्या आणि वैमानिकांची पळवापळवी सुरू झाली. एटीआरवर कंपनीने खर्च करून तयार केलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या एअरबसवर जाऊन बसे, आणि मागे राहिलेलं विमान उभं. २००५मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, राजीनाम्याआधी सहा महिन्यांची नोटीस सक्तीची केली. २०१७मध्ये कॅप्टनसाठी ती एक वर्षाची झाली. संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या. वैमानिक सोडून गेले की उड्डाणं रद्द होतात आणि प्रवाशांचे हाल होतात, ही सरकारची बाजू खोटी नाही. पण कंपनी पगार थकवते, एका रात्रीत बंद पडते, तेव्हा तिने वैमानिकाला किती दिवसांची नोटीस द्यायची? किंगफिशर २०१२मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ला. त्या आधी कित्येक महिने पगार अडकलेले. नियम एका बाजूनेच घट्ट आहे, असं म्हणायला जागा आहे.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे छोट्या कंपनीत उमेदवारी करून मोठीत जाण्याचा रिवाज जुना. उमेदवारीचा पगार अगदी तुटपुंजा. १२ फेब्रुवारी २००९ला बफेलोजवळ कोल्गन या छोट्या कंपनीचं विमान पडलं, ५० जण गेले. चौकशीत वैमानिकांचा थकवा, लांबून कामावर येणं, अपुरं प्रशिक्षण हे सगळं वर आलं, आणि २०१३पासून तिथे सहवैमानिकालाही साधारण १५०० तास लागू लागले. म्हणजे तास कमवायचे तर आधी लहान कामं आलीच.

आपल्याकडे शिडी उलटी पडली. भारतात २०० तासांचा परवाना आणि त्या प्रकारच्या विमानाचं प्रमाणपत्र, म्हणजे टाइप रेटिंग, असलं की सहवैमानिक म्हणून थेट एअरबसमध्ये बसता येतं. मोठ्या कंपन्या कॅडेट योजना चालवतात. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असलेला मुलगा, वैद्यकीय तपासणीत पास, आणि घरात कोटीच्या आसपास रक्कम उभी करण्याची ऐपत, एवढं जमलं की तो दोनेक वर्षांत जेटच्या कॉकपिटमध्ये. आणि लहान कंपनीत एटीआरवर हजारो तास केलेला कॅप्टन मोठ्या कंपनीत जायचं म्हणतो, तेव्हा त्याला बऱ्याचदा एक पट्टा उतरवून पुन्हा सहवैमानिक व्हावं लागतं. यादीत त्याच्या वर तोच कॅडेट. चिखली-मेहकरकडच्या सोयाबीनच्या शेतकऱ्याच्या पोराला एक कोट म्हणजे काय, हे सांगायला नकोच. त्याच्यासाठी लहान विमान, लहान कंपनी, हळूहळू तास, ही वाट खुली असती तर बरं झालं असतं. तीच अरुंद झाली आहे.

लहान शहरं विमानाने जोडण्याच्या सरकारी 'उडान' योजनेने ती वाट रुंद करण्याची आशा दाखवली होती. २७ एप्रिल २०१७ला पंतप्रधानांनी ज्या पहिल्या उड्डाणांना झेंडा दाखवला, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं. ट्रूजेटचं एटीआर-७२. त्याच वर्षी २३ डिसेंबरला नव्या अवतारातल्या एअर डेक्कनचं मुंबई-जळगाव विमान सुरू झालं, पण ते फार टिकलं नाही. ट्रूजेट जळगाव, कोल्हापूरलाही पोचली आणि २०२२च्या फेब्रुवारीत बंद पडली. कोल्हापूरकडच्या घोडावत समूहाची स्टार एअर २०१९पासून एम्ब्रेअर जेट उडवते, आणि ती टिकून आहे. गोव्यातल्या मोपाहून मार्च २०२४मध्ये फ्लाय ९१ सुरू झाली, तिची एटीआर सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूरला जातात. यांतल्या प्रत्येकीला तीच चिंता. फेब्रुवारी २०२३मध्ये एअर इंडियाने ४७० विमानं मागवली, जूनमध्ये इंडिगोने ५००. एवढी विमानं उडवायला माणसं आणायची कुठून? त्याच वर्षी आकासासारख्या नव्या पण अजिबात लहान नसलेल्या कंपनीचे ४३ वैमानिक नोटिशीचा काळ पुरा न करता निघून गेले आणि कंपनीला कोर्टाची पायरी चढावी लागली. जिथे आकासाची ही गत, तिथे दोनचार एटीआरवाल्यांचं काय! दहा वैमानिकांतले तीन गेले की वेळापत्रकातली एक ओळ खोडावी लागते, आणि ती ओळ मुंबई-दिल्लीची नसते.

आता अमरावती. १६ एप्रिल २०२५ला बेलोरा विमानतळावरून मुंबईचं पहिलं नियमित विमान उडालं, अलायन्स एअरचं एटीआर-७२. त्याच विमानतळाला लागून एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. जुलै २०२४मध्ये कंपनीने तिची घोषणा केली: १० एकर जागा, ३४ प्रशिक्षण विमानं, वर्षाला १८० वैमानिक. तिथे शिकणारी मुलं एअर इंडियासाठी तयार होणार. अलायन्स एअर ही २०२२पर्यंत एअर इंडियाचीच उपकंपनी होती. टाटांनी एअर इंडिया घेतली तेव्हा ती सरकारकडे राहिली. बेलोऱ्याला उतरणाऱ्या तिच्या कॅप्टनला एअर इंडियात जायचं असेल, तर २०१७च्या नियमाप्रमाणे त्याने १२ महिने आधी नोटीस द्यायची, आणि मग नव्या यादीत शेवटचा नंबर घ्यायचा.